कुसुम म्हणते

११ जानेवारी, रविवार. दुपारी ४.१०
आत्याच्या पोटमाळ्यावर बसून मॅडमच्या लेखाचं मराठी तिसऱ्यांदा तपासतोय. खाली आत्या आणि गल्लीतल्या तिघीजणी जीन्सचे धागे कापताहेत. कात्र्यांचा आवाज सारखा येतोय. पुढच्या रविवारी इथेच, गल्लीच्या हॉलमध्ये वाचन. मॅ. म्हणतात, ज्यांच्याकडून ऐकलं त्यांना परत ऐकवायला हवं, आणि तेही त्यांच्या भाषेत. मॅ.ना मराठी येत नाही. म्हणजे माझ्या आवाजात.

‘मानववंशशास्त्रज्ञ’ हा शब्द नीट लिहिता आला, पण म्हणताना जीभ अडखळते. माळ्यावरूनच आत्याला म्हणून दाखवला.
“म्हणजे मॅडम नक्की काय करतात रे मन्या?”
“वाढत्या शहरांत माणसं कशी राहतात, कशी कमावतात, ते बघतात.”
“आणि त्याचा पगार मिळतो?”
“मिळतो.”
“मग माझा बावीस वर्षांचा थकलाय. सांग त्यांना.”
खाली सगळ्या हसल्या.

लेखात बायकांची खरी नावं द्यायची नाहीत. नवीन नाव जिचं तिने सुचवायचं, असा मॅ.चा नियम. आत्या तेव्हा पटकन म्हणाली होती, “कुसुम लिही.” आज खात्री करून घेतली. आम्ही घरोघरी फिरून आधार कार्डांवरून नावं उतरवली होती, त्यांत एकही कुसुम नाही. दोन्ही उकार ऱ्हस्व. बरोबर.

१३ जानेवारी, मंगळवार
लग्नपत्रिकांच्या प्रेसमधून अर्धी सुट्टी. बदलापूरला मॅ.च्या खोलीवर, शिरगावात. चौथा मजला, लिफ्ट अजून लागलेली नाही. मॅ.नी लाल चहा केला, मी दूध घालून मागितला.

शेवटची उजळणी. कुसुमच्या परिच्छेदापाशी मॅ. थांबल्या. “मनोज, यह आठ आने वाला हिस्सा छोड़ दें? मर्द लोग भी बैठेंगे.”

मी म्हणालो, नाव बदललं आहे, कुणाला कळणार नाही. सगळ्या लेखात तोच भाग जिवंत आहे, लोक हसतील. मॅ. पेन हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, “तुम वहाँ के हो, तुम बेहतर जानते हो.”

मला बरं वाटलं. बारावीनंतर कॉलेज सुटलं, एवढं शिकलेल्या बाईने माझं मत धरलं.

१८ जानेवारी, रविवार
आधी घडलं तसं लिहितो.

हॉलमध्ये बायकांचं हळदीकुंकू होतं, म्हणून गर्दी जमली. पुरुष मागे खुर्च्यांवर. सहाव्या घरातली विकीची मम्मी आणि आणखी एक ताई तिळगूळ वाटत होत्या. विकीची आजी पुढे सतरंजीवर. मॅ. माझ्या शेजारी. साडी नेसल्या होत्या, ती आत्याने नेसवली होती.

सुरुवातीला ‘मानववंशशास्त्रज्ञ’पाशी जीभ अडखळलीच. कुसुमचा भाग आला तेव्हा लय लागली होती. मी वाचलं:

“कुसुम म्हणते, शेठ पीसला अडीच रुपये देतो, मी घरी दोन सांगते. वरचे आठ आणे माझे. कुसुम म्हणते, नवऱ्याला जेवण वाढायचं असतं, भाव सांगायचा नसतो. कुसुम म्हणते, याला कुणी चोरी म्हणेल. मी म्हणते, माझा पगार मीच वाढवला.”

पहिल्या वाक्याला दोनचार बायका हसल्या. दुसऱ्याला अख्खा हॉल. मला वाटलं, जमलं. मी आवाज चढवला. पुरुषांत आत्याचे यजमान, म्हणजे काका, सगळ्यांत जास्त हसत होते. मांडीवर थाप मारून म्हणाले, “अशा बायका असतात बरं का!”

विकीची आजी उठली. पदर आवरला आणि चालू लागली. विकीच्या मम्मीने तिळगुळाचं ताट खिडकीत ठेवलं, तीही मागोमाग गेली. मला वाटलं, घरी काही काम निघालं असेल. मी पुढे वाचत राहिलो. शेवटपर्यंत वाचलं. टाळ्या झाल्या.

खुर्च्या आवरताना पेंटर आजोबा जवळ आले. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, गल्लीतले सगळ्यांत जुने.
“छान वाचलंस. पण त्या पोरीला नावानिशी कशाला घेतलंस?”
“कुणाला?”
“विकीच्या आईला.”
“आजोबा, त्यांचं नाव लता आहे.”
“ते माहेरचं रे. लग्नात रवीने तांदळात कुसुम लिहिलं. मी होतो की जेवायला.”

आधार कार्ड माहेरच्या नावाचं, ते बदललंच नाही. गल्लीत सगळे विकीची मम्मी म्हणतात, मीसुद्धा. कुसुम अशी हाक फक्त सासूची, घराच्या आतली.

मी दिवसभर प्रेसमध्ये लग्नपत्रिका जुळवतो. ‘चि. सौ. कां.’च्या पुढचं नाव दहा वेळा तपासतो. ते नाव मांडवापर्यंतच चालतं, पुढे मुलगी कुठल्या नावाने हाक ऐकणार, हे कधी मनातही आलं नव्हतं.

१९ जानेवारी, सोमवार
संध्याकाळी गल्लीत गेलो. पोरं क्रिकेट खेळत होती. बॅटिंग मागताना एक ओरडला, “कुसुम म्हणते, आठ आणे माझे!” बाकीचे लोळले. विकी स्टंपच्या मागे उभा होता, हसत नव्हता.

रवीभाऊ दारातच भेटले. विकीचे पप्पा. अंबरनाथच्या एमआयडीसीत काँट्रॅक्टवर आहेत, नुकतेच आले होते. मी सांगितलं, लेखातली सगळी नावं खोटी आहेत, ती कुसुम म्हणजे वहिनी नव्हेत.
“नाव खोटं. गोष्ट?”
“गोष्ट खरी आहे.”
“मग कुणाची?”
“ते सांगता येत नाही, भाऊ. तसं वचन दिलंय.”
“असं आहे होय. म्हणजे गल्लीत दुसरी कोण तरी आहे, ती चोरटी. आणि खोटं नाव शोधायला निघालास तर तुला नेमकं माझ्या बायकोचं सापडलं. एवढ्या मोठ्या मराठीत.”

आतून विकीची आजी म्हणाली, “त्याच्याशी काय बोलतोस? तो वाचणारा. बोलणारी घरात आहे.”

विकीची मम्मी मोरीत भांडी घासत होती. मान वर केली नाही.

२० जानेवारी, मंगळवार
मॅ.ना फोन. घडलं ते सांगितलं. मॅ. म्हणाल्या, “हमने तो उसे बचाने के लिए नाम बदला था, ना?” मी म्हणालो, जिला वाचवायचं होतं ती वाचली, मॅडम.

मॅ. गल्लीत येऊन समजावते म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या की त्या आल्या तर लोक पुन्हा विचारतील, ही नाही तर कोण. गल्लीत अशा बोलक्या बायका चारच. तीन बाद झाल्या की आत्या उरते.

मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. १३ तारखेचं त्यांनी काढलं नाही. मीही नाही.

२२ जानेवारी, गुरुवार
आत्याकडे. काका ड्युटीवर होते. आत्याने पोहे केले. ढिगाऱ्यातून एकेक पँट ओढत, धागे कापत बोलत होती.

“आत्या, विकीच्या मम्मीचं नाव कुसुम आहे, हे तुला माहीत होतं?”
“कधीतरी ऐकलं असेल.”
“तू त्यांच्या लग्नात होतीस.”
“होते. मग? सतरा लग्नांत असते मी.”
“मग कुसुमच कसं सांगितलंस?”
“सुचलं ते सांगितलं. तू काय कोर्ट आहेस?”

मी म्हणालो, तू फक्त विकीच्या आजीला जाऊन सांग. एकट्या आजीला. आत्याने कात्री खाली ठेवली.

“त्या म्हातारीला सांगू? संध्याकाळपर्यंत तुझ्या काकांना कळेल. तो हॉलमध्ये कसा हसला, बघितलंस ना? दुसऱ्याच्या बायकोवर हसत होता म्हणून हसला. ती मीच हे कळलं असतं ना, तर…” कात्री परत उचलली. मग म्हणाली, “पोहे खा. गार होतायत.”

खाल्ले. निघताना दारात तिने माझ्या शर्टला चिकटलेला निळा धागा काढला. म्हणाली, “चार दिवसांनी सगळे विसरतील रे.” म्हणताना माझ्याकडे बघत नव्हती.

मुद्दाम सांगितलं असेल का? दोघींचं कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही. आत्या शेठकडून गठ्ठे आणून वाटते, विकीच्या मम्मीला कधी कमी देत नाही. एखादं नाव वर्षानुवर्षं कानात पडून राहत असेल आणि एक दिवस जिभेवर येत असेल, कुणाचं ते न सांगता. असं म्हटलं की मला झोप येते, म्हणूनच मी असं म्हणतोय की काय, कळत नाही.

२४ जानेवारी, शनिवार
पैसे सापडले.

आत्याचाच फोन. रवीभाऊंनी काल घर उलटंपालटं केलं. कापलेल्या धाग्यांची उशी होती, इथे बऱ्याच घरांत असते, कापूस विकत कोण घेतो. उशी उसवली तर आत प्लॅस्टिकच्या पिशवीत अकरा हजार चारशे.

आत्या म्हणाली, “बघ. तिचेपण होते.” आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. मी फोन ठेवला.

म्हणजे मी खोटं नाव लावून वाचलं आणि ते खरं होतं. कुणाला काय समजावणार आता? १९ तारखेला मी रवीभाऊंच्या तोंडावर सांगून आलो होतो की वहिनी तशा नाहीत.

प्रेसमध्ये आज एका पत्रिकेत ‘आशीर्वाद’मधली शी ऱ्हस्व गेली. तीनशे प्रती. मालक म्हणाले, तुझ्याकडून?

२७ जानेवारी, मंगळवार
विकीची मम्मी भेटली. मी शोधत होतो असं नाही, पण दोन दिवस त्याच वेळी त्याच गिरणीपाशी उभा होतो. दळण न्यायला आली. माफी मागायची पाठ केली होती, तिने अर्ध्यात तोडली.

“मन्या, एक काम कर. परत आमच्या ह्यांना सांगायला जाऊ नकोस, की ती मी नव्हे म्हणून. पैसे निघाल्यावर ते बरं दिसत नाही.”
“वहिनी, पण मी वाचलं ते तुमचं नव्हतं.”
“माझंच होतं. मी फक्त कुणाला बोलले नव्हते.”

गिरणीचा पट्टा चालू होता, मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि हे मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून आम्ही बाहेर पायरीवर आलो. पैसे शिलाई मशीनसाठी होते. जुनं पॉवर मशीन, इथेच एका शेठकडे बघून ठेवलंय, तीन हजार इसार दिलाय. मशीन असलं की घरी साइड शिलाईचं काम मिळतं. धागे कापून नखं गेली, म्हणाली, दाखवली. दोन वर्षं साठवत होती. रवीभाऊंनी ते पैसे खोलीच्या थकलेल्या भाड्यात भरले. “उडवले नाहीत हं. खोटं कशाला बोलू? घरातच गेले. पण माझे गेले.”

“रवीभाऊ बोलत नाहीत का?”
“बोलतात की. पहिल्यांदा नावाने हाक मारायला लागलेत. कुसुम, पाणी आण. कुसुम, किती पीस झाले आज. कुसुम, भाव काय.”

मग तिने विचारलं, ती कोण.

मी गिरणीकडे बघत राहिलो. तिने पिठाचा डबा उचलला.

“जाऊ दे. तिचे तरी राहू देत.”

१ फेब्रुवारी, रविवार
मॅ. गेल्या. कोलकात्याला, तिथून बाहेर. पुस्तक व्हायला तीन वर्षं तरी, म्हणाल्या. आठ आण्यांचा परिच्छेद त्यातून काढणार. मी म्हणालो, बरं. मग वाटलं, आता काढून काय. मग वाटलं, मी तेव्हा ऐकलं असतं तर. मॅ.ना स्टेशनवर सोडून शिरगावात परत गेलो, चावी घरमालकाला द्यायची होती. रिकाम्या खोलीत भिंतीवर आमच्या गल्लीचा नकाशा तसाच होता, मीच काढलेला, घरोघरच्या नावांसकट. सहाव्या घरात माझ्याच अक्षरात ‘लता’. काढून आणला. कुठे ठेवायचा ते ठरलेलं नाही.

मॅ.नी जाताना माझे राहिलेले नऊ हजार दिले. वर एक पाकीट विकीच्या मम्मीसाठी देत होत्या. मी घेतलं नाही. म्हटलं, गल्लीत म्हणतील चोरीचं बक्षीस मिळालं. मॅ.ना ते पटलं. रडवेल्या झाल्या होत्या. मला आता वाटतंय, घ्यायला हवं होतं. मी पुन्हा एकदा माहिती असल्यासारखं बोललो.

३ फेब्रुवारी, मंगळवार
आत्याला सांगितलं, मी माझ्यातले पाच हजार विकीच्या मम्मीला देणार. आत्याने भात वाढला. काका जेवून बाहेर गेल्यावर देव्हाऱ्यामागे हात घालून नोटा काढल्या. दोन हजार. शंभराच्या, पन्नासच्या.
“हे त्यात टाक. नाव सांगू नकोस.”
“आत्या, पैसे दिलेस तर मग एकदा तोंडाने पण…”
“पैसे देतेय ना? तोंड माझं मला लागतं अजून. ह्याच घरात जेवायचंय मला.”

ती वाईट नाही. मी तिच्याकडे लहानाचा मोठा झालो. पण आज तिच्या पाया पडलो नाही, एरवी निघताना पडतो. तिच्या लक्षात आलं.

७ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.२०, घरी, अंबरनाथ पश्चिम
सकाळी मशीनवाल्या शेठकडे गेलो. वहिनींना तिथेच यायला सांगितलं होतं. शेठ म्हातारा आहे, त्यांना बेटी म्हणतो. “बेटी, मशीन रखी है, पर होली तक. उसके बाद मेरा लड़का नहीं सुनेगा.” सात हजार घेऊन मशीन द्यायला तयार झाला, उरलेलं हप्त्याने.

वहिनी मात्र पैसे घेईनात.
“भीक आहे का?”
“भरपाई आहे.”
“कसली? तू माझे पैसे घेतलेस? ज्याने घेतले तो घरी बसलाय. उसने म्हणून दे, तर घेते. लिहून ठेव. मी दिवाळीपर्यंत फेडीन.”

मी लिहितो म्हणालो. मग विचारलं, मशीन काही उशीत मावणार नाही, रवीभाऊ विचारतील, पैसे कुठून आले.
“विचारू देत. सांगीन, मॅडमनी दिले. पुस्तकात बोलले त्याचे.”
“पण वहिनी, तुम्ही बोलला नाहीत.”
“गल्ली म्हणते बोलले. सासू म्हणते बोलले. पोरं ओरडतात. मग एवढं सगळं ऐकून घेतलं त्याचे पैसे नकोत का मिळायला?” पहिल्यांदा हसली. “तुला कोणी विचारलं तर हो म्हणायचं. कुसुम म्हणजे मीच. सांगशील ना?”

शेठच्या समोर, मशीनवर हात ठेवून विचारत होती. मी हो म्हणालो.

घरी येईपर्यंत लक्षात आलं नव्हतं. आता आलंय. हो म्हटलं की ते कायमचं झालं. आत्या सुटली, कायमची. ज्या नावातून वहिनींना सोडवायला मी तीन आठवडे धडपडतोय, ते नाव त्यांनी स्वतः घेतलं. आणि मशीन. नाही म्हटलं तर मशीन दारातच अडेल. खरं सांगायला मी घाबरतो म्हणून हो म्हणालो, की त्यांनी मागितलं म्हणून, मला वेगळं करता येत नाहीये.

टेंपो दुपारी गेला असेल. रवीभाऊंचे दोन मिस्ड कॉल आहेत, ५.४० आणि ६.१५. मी अजून उलट फोन केलेला नाही. आता तिसऱ्यांदा वाजतोय.

आजचा खर्च: रिक्षा जाऊन येऊन ६०, चहा दोन २०, टेंपोला माझ्याकडून १५०. एकूण २३०.
येणे: वहिनींकडून ७,०००, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे. त्यातले २,००० माझे नव्हेत.
देणे: आत्याचे २,०००, ती नको म्हणते. प्रेसमध्ये चुकलेल्या तीनशे पत्रिकांचे १,८००, पगारातून कापतील. वहिनींचे किती, ते मांडता येत नाही.